अर्धा इंच सोडून

...आणि वर मलाच विचारतात, ‘अरे, पण बोटं दुखतात म्हणजे नेमकं होतं काय?’ आता काय सांगू! हा बघा, हा माझा उजवा हात. ही तर्जनी इथं ठेवायची. मधलं बोट इथं. आणि ही अनामिका... ही तिथं! तिथं म्हणजे कुठं, तर जिथं जायचं तिच्या बापजन्मी तिच्या मनात आलं नव्हतं, तिथं. आणि नुसती नेऊन ठेवली की भागलं असंही नाही, तिथलं भोक पुरतं झाकलं गेलं पाहिजे. केसाएवढी फट राहिली की ती बासरी, एवढी थोरली, उभी केली तर माझ्या कमरेच्या वर पोचणारी, काळ्याभोर लाकडाची, दिसायला अगदी भारदस्त, ती बासरी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळते. आणि माझं बोट कमी किती पडतं? अर्धा इंच! तुम्हाला सांगतो, अर्धा इंच म्हणजे काय असतं हो? बाही अर्धा इंच आखूड झाली तर माणूस हात जरा आवरून धरतो, फोटो काढून घेतो, नोकरीच्या मुलाखतीला जाऊन येतो, कुणाला पत्ता लागत नाही. पण बासरीत...

मी एरवी बोलत नाही. आमच्या दुकानात कुणालाही विचारा. कपडे शिवायच्या दुकानात कटिंगला आहे मी. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि तेव्हापासून मास्तरांच्या हाताखाली. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, शाळेतले नव्हेत, शाळेतल्यांना मी सोडतानाही काही बोललो नव्हतो. दिवसाला दहा वाक्यं बोलत असेन, त्यातली सात ‘हात जरा वर करा’, ‘पोट सोडा, ओढून धरू नका’ अशी. पण आज सांगतोच. फक्त मध्येच थांबवू नका, मी एकदा थांबलो की परत सुरू होत नाही.

तर मी या बासरीच्या नादाला लागलो कसा? कोटांमुळे! आमच्याकडे वाचनालय आहे ना, त्याच्या चौथ्या मजल्यावर दर रविवारी बासऱ्यांचा वृंद जमतो. त्यांच्या कार्यक्रमाचे सहा कोट आमच्याकडे शिवायला होते, ते पोचवायला मास्तरांनी मला धाडलं. दोन्ही हातांवर सहा कोट घेऊन मी चार मजले चढलो आणि दारात उभा राहिलो, कुणी माझ्याकडे बघेपर्यंत, कारण ‘कोट आणलेत’ असं चौदा माणसांसमोर म्हणायचं म्हणजे... जाऊ द्या. वृंद शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं. कोटांकडे नाही, माझ्या छातीकडे. म्हणाल्या, हा मुलगा चार मजले चढून आला आणि याला धाप नाही! मग जवळ येऊन विचारलं, काही फुंकतोस का रे? मला वाटलं सिगारेटचं विचारतायत. म्हटलं, नाही, आई रागावते. झालं. त्या दिवसापासून मी वृंदात.

बाईंचं म्हणणं, ‘जो बोलत नाही त्याचा श्वास शिल्लक राहतो.’ दोन वर्षं मी मधल्या आकाराची बासरी शिकलो, बरी वाजवत होतो, खोटं कशाला सांगू. आणि मग बाईंच्या डोक्यात आलं की आपल्याकडे लहान बासऱ्या आहेत, मधल्या आहेत, पण थोरली नाही. खालचा सूर नसलेला वृंद म्हणजे म्हणे भिंती नसताना बांधलेला माळा. आणि थोरलीला श्वास कुणाचा? माझा! मी काही बोललो नाही. न बोलण्याला लोक होकार समजतात हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

आता लाकडी बासऱ्या करणारा माणूस आमच्याकडे एकच. लाकडाच्या वखारीमागे त्यांची खोली आहे, सगळे त्यांना आजोबा म्हणतात, त्यांच्यापेक्षा म्हातारे लोकसुद्धा. आणि आजोबांची एक पद्धत आहे. ते गिऱ्हाइकाचा हात बघत नाहीत, कागद बघतात. जाड कागदावर पंजा ठेवायचा, बोटं सैल फाकवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, कापून काढायचं आणि तो कागदाचा हात त्यांच्याकडे पोचवायचा. त्यावरून ते भोकांची अंतरं काढतात. का, तर ‘माणूस समोर आला की ताठतो, त्याचा हातही ताठतो. घरी निवांत काढलेला कागद कधी खोटं बोलत नाही.’ त्यांच्या खोलीत भिंतभर खिळ्यांना असे कागदाचे पंजे टांगलेत, चाळीस वर्षांतले. खिडकीतून वारा आला की सगळे एकदम हात हलवतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही मान हलली, म्हटलं कुणी एवढ्या आपुलकीनं हात करतंय तर...

तर मी माझा हात काढला. दुपारी, दुकानातच, कटिंगच्या टेबलावर, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. पेन्सिल फिरवली. कात्री घेतली. कापायला लागलो तर बोटांच्या मधे कात्रीला जागाच मिळेना. म्हटलं, आपणच बोटं आखडून ठेवली असतील. दुसरा कागद घेतला, बोटं आणखी फाकवली, परत काढलं, आता झकास कापलं गेलं. कडा अशा सुबक, की मास्तरांनी बघून मान डोलावली. तेव्हा तरी मनात पाल चुकचुकावी की नाही? नाही चुकचुकली! पाल झोपली होती.

पाच महिन्यांनी निरोप आला, बासरी झाली. गेलो. तर माझा कागद भिंतीच्या मधोमध, बाकीचे पंजे त्याच्या आजूबाजूला पोराबाळांसारखे. आणि आजोबा त्या कागदाकडे असे बघत होते, असे... माझ्याकडे माझ्या आईनंही कधी तसं बघितलेलं नाही. म्हणाले, ‘चाळीस वर्षं वाट बघितली असा हात यायची. एवढी थोरली बासरी मी कधी केलीच नव्हती, करणार कुणासाठी? लोकांची बोटं ही अशी, शेंगांएवढी.’ आणि मी? मी दोन्ही हात खिशात घातले. आपोआपच गेले हो! कारण त्या कागदाकडे बघून मलाच माझ्या हातांची लाज वाटायला लागली. आजोबा म्हणाले, ठेव बघू बोटं. मी म्हटलं, घरी जाऊन ठेवतो. त्यांना वाटलं लाजतोय. लाजतच होतो, पण त्यांना वाटलं त्या कारणासाठी नाही. बासरी मी दोन्ही कोपरांत धरून, तान्हं मूल उचलतात तशी उचलली आणि बाहेर पडलो.

बरं, त्यांनी स्वतः वाजवून बघितली असती तरी कळलं असतं. पण त्यांची बोटं कामानं वाकलेली, एकेक बोट आकड्यासारखं, बरीच वर्षं सरळ होत नाहीत. एकेक भोक वेगवेगळं फुंकून बघतात, पण सगळी भोकं एकदम झाकल्यावर येतो तो सगळ्यात खालचा सूर, तो त्यांना गिऱ्हाइकाकडूनच ऐकायचा असतो. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘मला तो खालचा सूर ऐकव हं. घाई नाही. पण ऐकव.’

घरी आलो, बोटं ठेवली, फुंकलं. आई आतून म्हणाली, किटली उतरव रे, उकळली वाटतं.

तिथून पुढं, तुम्हाला सांगतो, घरात प्रत्येकाकडे माझ्या बोटांवर उपाय. आई रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवायला लावायची आणि वर तेल चोळायची, त्यामुळं बोटं लांबली नाहीत, बासरी मात्र हातातून निसटायला लागली. ताईनं बाटल्यांची बुचं आणून दिली, बोटांच्या मधे अडकवून बस म्हणाली. मी बसलो. जेवायची वेळ झाली तरी तसाच, शेवटी तिच्या धाकट्यानं मला घास भरवला, तीन वर्षांचा आहे तो, त्याला वाटलं मामा आजारी. वृंदात लहान बासरी वाजवणारे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले भोकाभोवती आपण मेणाचा कठडा करू. केला. त्यांना सवय दातांची, त्यांनी इतका घट्ट बसवला की माझं बोट त्यात अडकलं आणि रविवारी अर्धा तास ते माझ्या बोटाला म्हणत होते, ‘सैल सोडा, सैल सोडा, काही होत नाही.’

बाईंचा उपाय तेवढा शहाण्यासारखा. म्हणाल्या, टोकानं झाकायला जातोस म्हणून पुरत नाही. बोट आडवं पाड, मधल्या पेरानं झाक, मनगट खाली सोड, आणि दाबू नकोस, जेवढं दाबशील तेवढं बोट आखडेल. ते खरंय हो. चार भोकं झाकली, पाचवंही जमलं. सहावं? सहाव्याला पेर लावलं की त्याच हाताची तर्जनी सुटते, तर्जनी सांभाळली की सहावं सुटतं. दोन्ही गाठी एकदम मारायच्या आणि दोरा मात्र आखूड. किती आखूड? अर्धा इंच! अर्धा इंच म्हणजे काय असतं हो, बोटाच्या नखाएवढं...

आणि मग एके दिवशी दुकानात मी कॉलर कापत होतो. साधी कॉलर. खडूची रेघ मारलेली आणि कात्री आपली चाललीय, रेघेच्या बाहेरून, अर्धा इंच सोडून, झराझरा... आणि कात्री थांबली. मी थांबवली नाही, तीच थांबली.

कारण मास्तरांनी मला पहिल्या दिवशी, मी तेरा वर्षांचा होतो, टाळक्यात टेपची टिचकी मारून शिकवलेलं, ‘रेघेवर कापतो तो गाढव. रेघ शिलाईची. कात्री चालते ती रेघेच्या बाहेरून, अर्धा इंच सोडून.’ दहा वर्षं, रोज, मी हेच केलंय. शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे. माझा हात रेघेवर कापूच शकत नाही! आणि त्या दिवशी त्या कागदावर... मी माझ्या हाताला शिलाईसाठी कापड सोडलं होतं हो! चहूबाजूंनी! सगळ्या बोटांना! आणि कात्रीला जागा मिळावी म्हणून बोटं फाकवली ती वेगळीच!

मास्तरांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले. मला वाटलं आता बोलणी खायची. तर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, ‘म्हणजे अंगात मुरलं म्हणायचं.’ अभिमान वाटत होता त्यांना! पुढं रोज सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी माझं माप. बोटं फाकव म्हणायचे, टेप लावायचे आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचे. तीन महिन्यांत फरक पडला एका दोऱ्याइतका, तोही मला वाटतं मास्तरांनी टेप जरा तिरका धरला म्हणून.

तुम्ही म्हणाल, आजोबांना जाऊन सांगायचं ना सरळ. बरोबर आहे. सगळे हेच म्हणतात. पण तुम्ही त्यांना त्या कागदाकडे बघताना बघितलेलं नाही! चाळीस वर्षांनी मनासारखा हात मिळालाय, त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं की आजोबा, तसा हात नाहीच, ते निम्मं कापड आहे? तीनदा गेलो मी. एकदा वखारीच्या फाटकापासून परतलो. एकदा दारापासून. तिसऱ्यांदा आतही गेलो, त्यांनी विचारलं, काय रे? तर तोंडातून निघालं, कोट शिवायचाय का? मग त्यांचं माप घेऊन आलो.

आणि इकडं बाईंनी कार्यक्रम ठरवला. त्यातली एक चीज अशी बसवली की सुरुवातीला थोरल्या बासरीचा खालचा सूर, एकट्याचाच, लांबलचक, आणि मग त्यावर बाकीच्यांनी एकेक करून यायचं. आजोबा रविवारच्या तालमीला यायला लागले. वाकलेले हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, कान माझ्याकडे. आणि मी काय करायचो? सांगायला लाज वाटते. गाल फुगवायचो. छाती भरून घ्यायचो. आणि फुंकायचोच नाही. बाईंना माहीत होतं, त्या डोळ्यांनीच मधल्या बासरीवाल्यांना खूण करायच्या, ते लगेच सुरू करायचे, आणि मी वरचे सूर तेवढे नीट वाजवायचो. निभावून नेत होतो हो. म्हटलं, दोन महिने आहेत, बोटं लांबतील, मग त्यांना ऐकवू, त्यांना कधी कळायलाच नको.

पण त्यांना काय कळत होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका रविवारी तालीम संपल्यावर आजोबांनी बासरी मागून घेतली, चार दिवस ठेवून बघतो म्हणाले. मग परत आणून दिली. पुढच्या रविवारी आले नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, ‘अरे, आजोबांनी दुकान आवरायला घेतलंय. भोकं पाडायची गिरमिटं सुताराला देऊन टाकली, निम्मी. मला एक कानस दिली, मी काय करू कानशीचं? म्हणतात, आतून मोजलं, बाहेरून मोजलं, सगळं कागदाबरहुकूम आहे, हात तर तो तसा लाखात एक, आणि तरी खालचा सूर येत नाही. म्हणजे माझं कसब गेलं. आता कुणाच्या लाकडाची नासाडी करायची नाही.’

मी जिन्यात तसाच बसलो. समजलं का तुम्हाला? त्यांनी माझ्या हातावर शंका घेतलीच नाही! कागद खोटं बोलत नाही ना! म्हणून त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं. चाळीस वर्षांचं काम, भिंतभर माणसं हात हलवतायत, आणि एका माणसाच्या न बोलण्यानं... अर्धा इंच हो! अर्ध्या इंचात एक माणूस मावला अख्खा, गिरमिटांसकट.

गेलो. तसाच गेलो, पाठीला बासरी बांधून. वखारीच्या फाटकापाशी पाय थबकले, तर मी पायांना म्हटलं... काही म्हटलं नाही, धावलोच. आजोबा जमिनीवर बसून पटाश्या फडक्यात गुंडाळत होते. लेथवर चादर टाकलेली. मी दारात उभा. ते म्हणाले, कोट झाला का?

आणि मी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही. त्यांच्या तोंडासमोर धरले.

म्हटलं, ‘आजोबा, हा माझा हात.’

त्यांनी बघितलं. जवळचं त्यांना नीट दिसत नाही, त्यांनी माझं मनगट धरून हात लांब केला, मग जवळ घेतला, मग भिंतीकडे बघितलं. मग परत हाताकडे.

‘मग तो कुणाचा?’

‘तोही माझाच. पण मी तो शिंप्यासारखा कापला.’

आणि मग मी बोललो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात एका दमात एवढं मी कधी बोललो नव्हतो, रेघ, कात्री, मास्तरांची टिचकी, कॉलर, गाल फुगवणं, खिशातले हात, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही, मी लेथवरच्या चादरीकडे बघत होतो, आणि मनात काय येत होतं सांगू? चादरीची किनार तिरकी शिवलीय. माणूस कसा असतो बघा.

बोलून झालं. भिंतीवरचे पंजे नुसते लटकलेले, वारा नव्हता.

मग ते उठले. खिळ्यावरचा माझा कागद काढला, टेबलावर ठेवला, माझा हात धरून त्यावर ठेवला. माझ्या हाताभोवती कागदाची किनार चहूकडून सारखी. अगदी सारखी! मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी किनारीवरून अंगठा फिरवला. हळूहळू, सगळ्या बोटांभोवती. आणि म्हणाले, ‘कापलंयस मात्र छान.’

मग खाली बसले. आणि हसायला लागले. आधी मला वाटलं खोकतायत. पाणी आणायला उठलो तर माझा हात ओढून धरला आणि हसतच म्हणाले, ‘म्हणजे मी ठीक आहे. मी ठीक आहे रे!’ आणि पुन्हा तेच. दोन-तीनदा म्हणाले. शेवटी हसू कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मी बघितलं नाही, मी परत चादरीकडे बघितलं.

थोड्या वेळानं त्यांनी बासरी मागितली. मला वाटलं भोक बुजवून नवीन पाडतील. पाडता येतं तसं. लाकडाची गुटी ठोकायची, घासायची आणि इकडं सरकवून दुसरं भोक. तर ते म्हणाले, ‘बस. ओठाला लाव. पाच बोटं तुझी ठेव. सहावं राहू दे.’ आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसले, खेटून. आणि त्यांचं ते बोट, वाकलेलं, आकड्यासारखं, सरळ न होणारं बोट, त्यांनी त्या सहाव्या भोकावर ठेवलं. बसलं हो! त्या आकड्याचं पेर त्या भोकावर असं बसलं, जसं काही माप त्याचंच घेतलं होतं.

म्हणाले, ‘फुंक.’

मी फुंकलं. तुम्हाला तो सूर कसा सांगू? मी काही शिकलेला माणूस नाही. आधी तो ऐकूच येत नाही, आधी टेबल ऐकतं, मग खुर्ची, मग आपल्या बरगड्या. भिंतीवरचे कागद थरथरले, देवाशप्पथ थरथरले, वारा नव्हता. मी माझा सगळा श्वास, दोन वर्षांचा न बोललेला, त्यात घातला. आणि आजोबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचं बोट हललं नाही.

श्वास संपला. मी म्हटलं, आता भोक सरकवायचं ना?

‘खबरदार हात लावलास तर!’ म्हणाले.

आता आला ना घोळ! बासरीला हात लावायचा नाही, माझी बोटं लांबत नाहीत, कार्यक्रम पंधरा दिवसांवर. मग? मग काय, आजोबा वृंदात! एका बोटानं! बाईंना मी काही सांगायच्या आधीच आजोबा तालमीला हजर, स्वतःची खुर्ची घेऊन, माझ्या खुर्चीला लावून. बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्ही काय वाजवणार? तर म्हणाले, थोरली बासरी. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, हा मदतीला आहे.

आणि एका बोटाचा थाट तरी किती! ताल त्यांना ठाऊक नाही, सूर आवडला की बोट उचलायचंच नाही. बाई हात खाली करतायत, बाकीचे पुढच्या ओळीवर गेलेत, आणि आम्ही आपले खाली, त्याच सुरावर, मी श्वास संपून निळा पडतोय आणि हे म्हणतात, ‘अजून थोडा, अजून थोडा.’ एकदा त्यांना डुलकी लागली तर बोट तसंच भोकावर, काढताही येईना, जाग येईल म्हणून. मी आणि दातांचे डॉक्टर दोघं मिळून... जाऊ द्या. रोज संध्याकाळी दुकानात यायचे सरावाला. मास्तर आणि ते दोघं चहा पीत बसायचे आणि हल्लीच्या कारागिरांना मापाची कदर नाही यावर बोलायचे. माझ्यासमोर!

सुताराकडून गिरमिटं परत मागून आणली, बरं का. कानससुद्धा. डॉक्टर म्हणाले, सुटलो.

कार्यक्रम झाला. खोटं कशाला बोलू, छान झाला. दिवे मंद, सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत आई, ताई, मास्तर. मी फुंकलं, त्यांनी बोट ठेवलं, आणि तो सूर खुर्च्यांखालून जो निघाला तो पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि लोकांनी श्वास रोखला, खरंच रोखला, मला वरून दिसत होतं. आणि संपल्यावर टाळ्या. लोक उठून उभे राहिले. आजोबाही उठले. कोटाची बटणं लावली, हात छातीवर ठेवला आणि वाकले. दोनदा. मी बासरी धरून बसलो होतो, कारण दोघं एकदम उठलो असतो तर ती पडली असती.

खाली आलो तर त्यांच्याभोवती ही गर्दी! या वयात काय दमसास, काय दमसास! आजोबा म्हणतायत, सवय आहे, सवय आहे. मी त्यांनी उतरवलेला कोट घेऊन बाजूला उभा. एक बाई माझ्याजवळ आल्या, डोळे पाणावलेले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाळ, आजोबांना जपून घरी ने हं. आणि जमलं तर त्यांच्याकडून थोडं शिकून घे.’

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

परवा आजोबांना पत्र आलंय. दुसऱ्या गावच्या वृंदानं बोलावलंय त्यांना, थोरली बासरी वाजवायला, मानानं. त्यांनी मला दुकानात येऊन वाचून दाखवलं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, दोनदा. खाली शेवटी एक ओळ आहे, बारीक अक्षरात... ‘येताना सोबत फुंकायला कोणी मिळाल्यास त्यालाही आणावे, जेवणाची सोय होईल.’

मी दोन दिवसांची रजा टाकलीय.